नेम आणि नळी: बोल्ट जड लागतोय? आधी ताणकाटा आणा

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेलो होतो की रायफलचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा हँडलवाला दांडा, उचलायला जी ताकद जाते ती पुढच्या शॉटमधून वजा होते. त्या एका वाक्यावर या महिन्यात एवढी पत्रं आली की बाकीचे विषय, स्लिंग, जॅकेट, सगळं पुढच्या अंकात ढकललंय. पत्रं थोडी छाटलीयेत, नावं नेहमीसारखी गाळलीयेत.

प्रश्न: काका नमस्कार. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, बालेवाडीला .२२ रायफल प्रोनची (पालथं झोपून नेम धरायची) प्रॅक्टिस करते. रायफल क्लबची आहे, जुनी, जर्मन बनावटीची. प्रत्येक शॉटनंतर बोल्ट उचलताना रायफल डावीकडे कलंडते, मग कोपर हलतं, मग सगळी पोझिशन परत लावायची. कोच म्हणतात मनगटाचा व्यायाम कर. एक ओळखीचे म्हणतात स्प्रिंग बदलून हलकी टाका. नक्की काय करावं? (एक आई, पुणे)

उत्तर: ताई, मनगटाचा व्यायाम करू दे, त्याने तोटा नाही, पण आधी रायफलचं काय म्हणणं आहे ते ऐकू. स्प्रिंगला तर हातही लावू नका, त्यावर पुढे एका मुलाचा प्रश्न आहे तिथे बोलतो.

बोल्ट उचलणं हे बघायला एकच काम वाटतं पण बहुतेक रायफलींत त्यात तीन कामं एकदम चालू असतात. बोल्टला जे कान असतात, लग म्हणतात त्यांना, ते रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या, खाचेतून फिरून सुटतात. त्याच वेळी बोल्टच्या मागच्या अंगाला जो तिरका उतार कापलेला असतो, कॅम, तो कॉकिंग पीसला, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनच्या शेपटीला, मागे रेटतो आणि पिनची स्प्रिंग दाबली जाते, हे सगळ्यात जड काम. आणि हँडल अगदी वर पोचता पोचता बोल्ट केसभर मागे सरकतो, चेंबरमध्ये, नळीच्या मागे काडतूस बसतं त्या घरात, चिकटून बसलेली रिकामी पुंगळी सैल करायला. आता जड लागतंय म्हणजे या तिघांपैकी कोण जड लागतंय हे कळल्याशिवाय औषध द्यायचं कसं? लोक थेट ग्रीसची डबी उघडतात नाहीतर पॉलिश पेपर काढतात, तिथेच घोळ होतो.

म्हणून तीन चाचण्या. घरात शाळेच्या प्रयोगवहीतला ताणकाटा असेल तर उत्तम, नसेल तर सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा चालतो. क्लबच्या आर्मररला, हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, सोबत घ्या, मॅगझिन काढा, बोल्ट उघडून चेंबरमध्ये बघा, आणि नुसतं बघू नका, करंगळी घालून खात्री करा. रायफल स्टँडवर पक्की बसवा, हुक बोल्टच्या हँडलच्या टोकाच्या गोळ्याला अडकवा आणि हँडलला काटकोनात सरळ वर ओढा.

पहिली चाचणी: बोल्ट बंद, रायफल कॉक केलेली, ट्रिगर दाबलेला नाही. आता उचला. इथे स्प्रिंग आधीच दाबलेली आहे, कॅमला काही काम नाही, म्हणजे जो आकडा येईल तो निव्वळ लग, बोल्टची वाट आणि घाण यांचा. दुसरी: रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबून मग उचला, आता स्प्रिंग आणि कॅमचं घर्षण दोन्ही आलं. पण .२२ रिमफायरमध्ये रिकामं फायर करताना जपून, पिन पुंगळीच्या काठावर आपटायला बनवलेली असते, पुंगळी नसली तर काही रायफलींत ती चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खळगा पडतो, म्हणून डमी (खोटं काडतूस) घाला. तिसरी चाचणी रेंजवर, खरी गोळी उडवल्यावर लगेच. दुसरीतून पहिली वजा केली की स्प्रिंग आणि कॅमचा वाटा कळतो, तिसरीतून दुसरी वजा केली की चेंबर आणि पुंगळीचा.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज सांगतो, चुकला तर कळवा. क्लबच्या जुन्या .२२ रायफलींत पहिलीच चाचणी जड येते, कारण .२२ च्या गोळीवर मेणचट वंगण असतं, ते आणि जळलेल्या दारूची काजळी मिळून एक काळपट चिकटा तयार होतो आणि तो बोल्टच्या लगमागे, खाचेत, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाली भरतो, वरून दर आठवड्याला कोणीतरी तेल मारतं, तेलाने तो निघत नाही, नुसता पातळ होतो आणि सुकला की परत चिकट. मी एकदा अशाच एका रायफलचा बोल्ट उघडला तर आतल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये मधासारखं काहीतरी साचलं होतं, रंगही मधाचाच. नुसतं धुऊन पुसून कोरडं केल्यावर ज्या मुलाची रायफल होती तो म्हणाला काका तुम्ही बोल्ट बदलला का.

धुऊन झालं की वंगण, आणि वंगण म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं, श्रीखंडासारखं थापायचं नाही. लगच्या मागच्या तोंडावर, कॅमच्या उतारावर, कॉकिंग पीसच्या नाकावर आणि हँडलच्या मुळाशी जो तिरका भाग रिसीव्हरला घासतो त्यावर, एवढंच, आणि हे ग्रीस. आतल्या स्प्रिंगला ग्रीस नाही, पातळ तेलाचं बोट फिरवून पुसून टाकायचं. चेंबरमध्ये आणि ट्रिगरमध्ये काहीच नाही.

आता हाताचं. मुलगी बहुधा गोळा तळव्याने खालून वर ढकलते आहे. उजव्या बाजूने वर धक्का दिला की रायफल डावीकडे पडणारच, यात तिचा दोष नाही, कोणाचीही पडेल. तिला सांगा, अंगठा रिसीव्हरच्या मागे किंवा दस्त्याच्या वरच्या कडेवर टेकव, तर्जनीचं दुसरं पेर गोळ्याखाली घे आणि चिमूट मिटल्यासारखं दाब. जोर अंगठा आणि बोटाच्या मध्येच संपतो, रायफलपर्यंत पोचतच नाही. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत हल्ली गुडघ्यावर २०, प्रोन २०, उभ्याने २० असे ६० शॉट असतात, म्हणजे साइटर (आधीचे सरावाचे शॉट) सोडून ६० वेळा हा बोल्ट वर जाणार. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात ब्राँझ आणलं तेव्हा सगळ्यांनी स्कोअर पाहिला, ४५१.४, तुमच्या मुलीला त्या फायनलचा व्हिडिओ दाखवा आणि सांगा की टार्गेट बघू नकोस, दोन शॉटच्या मध्ये उजवा हात काय करतो ते बघ.

एक राहिलंच. रायफल क्लबची आहे, तेव्हा बोल्टचं आतलं काही तुम्ही घरी खोलू नका, क्लबच्या आर्मररकडूनच करून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे आजोबांच्या वेळची बोल्टची रायफल आहे, लायसन्स आता वडिलांच्या नावावर. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या आधी घरचं खोबरेल लावून चकाचक करतो. दसऱ्याला बोल्ट मस्त फिरतो पण डिसेंबर-जानेवारीत उचलायला दोन हात लागतात. थंडीने लोखंड आकसतं का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर: लोखंड नाही हो, खोबरेल थिजतं! २४-२५ अंशाच्या खाली बाटलीत काय होतं ते दर हिवाळ्यात बाथरूममध्ये बघताच की, तेच बोल्टमध्ये होतं. शिवाय ते हवेने खवट होऊन चिकट बसतं, आजोबांच्या काळापासून लावताय म्हणजे आत थरावर थर असणार. रॉकेलने किंवा मिनरल टर्पेंटाइनने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग पातळ बंदुकीचं तेल, ते नसेल तर शिलाई मशिनचं तेल एक थेंब, पुसून. जवसाचं तेल दस्त्याच्या लाकडाला छान, पण बोल्टला चुकूनही नको, ते वाळून वार्निश होतं.

आणि पूजेच्या अक्षता. हसू नका, मी एकदा एका बोल्टच्या वाटेतून कुंकवाने लाल झालेले अकरा तांदूळ चिमट्याने काढलेत. पूजा करताना बोल्ट बंद ठेवा, वरून रुमाल टाका आणि रुमालावर अक्षता वाहा. देव समजून घेईल.

प्रश्न: मी निवृत्त फौजी. माझ्याकडे इशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल आहे, तिचा बोल्ट उचलायला एका बोटाचं काम, पण बंद करताना शेवटच्या इंचाला जोर लागतो. पुतण्याची .३०-०६ बरोबर उलटी, उघडताना जड, बंद करताना लोणी. तो म्हणतो माझ्या रायफलमध्ये दोष आहे. खरं खोटं करा. (एक सुभेदार, सातारा)

उत्तर: सुभेदार साहेब, पुतण्याला सांगा दोष रायफलीत नाही, दोघींचं घराणं वेगळं आहे.

तुमची .३१५ ही ली-एनफिल्डची नात. जेम्स पॅरिस ली नावाच्या माणसाची ही बोल्टची रचना, १८८८ मध्ये ली-मेटफर्ड म्हणून ब्रिटिश फौजेत आली, १८९५ ला ली-एनफिल्ड झाली, आणि १९०७ ची मार्क थ्री तर आपल्याकडे इतकी वर्षं राहिली की पोलीस चौकीतली .३०३ म्हटलं की अजून तीच डोळ्यासमोर येते. तिच्यात स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, उचलताना नाही. हँडल उचलताना फक्त लग सोडवायचे आणि पुंगळी सैल करायची, बस. जड काम पुढे ढकलण्यावर टाकलंय कारण तिथे मनगट नाही, दंड आणि खांदा लागतो, माणूस जोरात असतो. वर हँडल वळवून ट्रिगरच्या अगदी वर आणून ठेवलंय आणि ९० अंशांऐवजी ६० च्या आसपास फिरवलं की काम झालं. त्यामुळे त्या काळच्या शिपायाला मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या झाडायचं शिकवत, आणि तेही रायफल खांद्यावरून न काढता.

पुतण्याची .३०-०६ ज्या घराण्यातली वाटते ते माउझर ९८ चं. गंमत म्हणजे माउझरच्या आधीच्या रायफली, १८९३ ची, १८९५ ची, त्याही बंद करतानाच कॉक व्हायच्या. १८९८ ला त्यांनी ते काम उचलण्यावर आणलं, कॅमच्या जोरावर. बंद करताना रायफल डुलत नाही, काडतूस हळूच आत जातं, हा फायदा, आणि त्याची किंमत म्हणजे उचलायला जड. आजच्या जवळजवळ सगळ्या शिकारी आणि टार्गेट रायफली त्याच वाटेने गेल्यात. बरं कोणतं यावर माझ्या ओळखीचे दोन आर्मरर ३० वर्षं भांडतायत, मी ली-वाल्यांच्या बाजूचा आहे हे उघड सांगून टाकतो.

.३१५ बद्दल पुतण्याला अजून एक सांगा, ती गोळी मुळात ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी मानलिखर काडतुसाची, .३०३ हा बोअर लष्करी आणि सामान्य माणसाला बंदी, म्हणून फौजी रायफलचीच रचना घेऊन त्यात हे वेगळं काडतूस बसवलं. म्हणजे फौजेबाहेर राहूनही तुमच्या हातात फौजेचाच बोल्ट आहे.

परदेशात काही जुन्या, बंद करताना कॉक होणाऱ्या रायफलींना उघडताना कॉक होणारी करायचे सुटे भाग मिळतात. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. शेवटचा इंच पूर्वीपेक्षा जड झाला असेल तरच बघायचं, बहुतेक वेळा कॉकिंग पीस जिथे सिअरवर, म्हणजे त्याला अडवून धरणाऱ्या ट्रिगरच्या खिट्टीवर, सरकतो ती जागा कोरडी पडलेली असते, पुसून तेलाचा एक थेंब. कानस मात्र अजिबात नाही, ती जागा घासली की रायफल बोल्ट आपटताच आपोआप सुटू शकते.

प्रश्न: मी ओहायोला असतो, मूळचा डोंबिवलीचा. रेमिंग्टन ७०० आहे .३०८ मध्ये, काडतुसं स्वतः भरतो. रिकामी असताना बोल्ट मख्खन, पण फायर केल्यावर उचलायला जड आणि अगदी वर पोचताना कटकन आवाज येऊन सुटतो. विकतच्या काडतुसांनी होत नाही. मित्र म्हणाला लाकडी हातोडीने टिचकी मार. बोल्टला पॉलिश करू का? (एक वाचक)

उत्तर: भाऊ, तुम्ही तीन चाचण्या नकळत करूनच पत्र लिहिलंय आणि उत्तरही त्यातच आहे. रिकामी हलकी, विकतच्या काडतुसाने हलकी, म्हणजे बोल्ट सुटला निर्दोष. दोष तुमच्या भरलेल्या काडतुसात आहे. पॉलिश नको. हातोडी तर नकोच नको, आणि का नको ते दोन कारणांनी सांगतो.

एक, बोल्ट जड होणं ही रायफलची ओरड असू शकते की प्रेशर जास्त झालंय. .२२ रिमफायरची मर्यादा चौरस इंचावर २४ हजार पौंड, .३०८ ची ६२ हजार, तिथे पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि नेहमीच्या प्रेशरला थोडी परत आकसते म्हणून सुटते. प्रेशर जास्त झालं की ती आकसतच नाही. पुंगळीच्या बुडाकडे भिंगातून बघा. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा होऊन कडेपर्यंत पसरलाय का, बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळ्याच्या) भोकाचा गोल चकचकीत ठसा उमटलाय का. ठसा दिसला तर उरलेली काडतुसं उडवू नका, खोला आणि दारू कमी करून नव्याने खालून सुरुवात करा. मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याच्या आत होतो असं सांगू नका, तुमचं चेंबर, तुमची पुंगळी, तुमची गोळी किती बाहेर बसवलीय, सगळ्याने आकडा हलतो. आणि काडतुसांचा डबा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला होता का तेही आठवा, तापलेली दारू जास्त प्रेशर देते. चेंबरमध्ये तेल राहिलं असेल तर तेही पुसा, तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंत धरत नाही आणि सगळा रेटा बोल्टच्या लगवर येतो.

दोन, ती कटकन. ठसे काही नसतील आणि तरी वर पोचताना आवाज येत असेल तर संशय साइझिंग डायवर, म्हणजे वापरलेली पुंगळी दाबून परत मापात आणणाऱ्या साच्यावर. चारपाच वेळा वापरलेल्या पुंगळीचं बूड, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेच्या जरा वरचा जाड भाग, हळूहळू फुगत जातो, आणि डाय जर तुमच्या चेंबरच्या मानाने तिथे सैल असेल तर ती पुंगळीच्या खांद्याला, मानेखालच्या उताराला, साइझ करते पण बुडाला धरतच नाही. मग पुंगळी आत जाते, फायर होते आणि बुडाशी घट्ट अडकून बसते. कॅलिपर घ्या, बुडापासून साधारण ५ मिमी वर मोजा, फायर केलेली आणि साइझ केलेली, दोन्ही. दोन्ही आकडे सारखेच आले तर डाय काही करत नाहीये, इंचाच्या एक हजारांशाच्या आसपास तरी कमी व्हायला हवं. उपाय म्हणजे बुडाला जास्त दाबणारी डाय, किंवा थकलेल्या पुंगळ्या सरळ भंगारात. बरेच जण नवी डाय घेण्याऐवजी खांदा जास्त जास्त मागे ढकलत बसतात, त्याने कटकन जात नाही, वर पुंगळी मधूनच तुटायची भीती.

आणि रेमिंग्टन ७०० मध्ये हँडल बोल्टला ब्रेझिंग करून जोडलेलं असतं. हातोडीने ते हातात यायची उदाहरणं आहेत. शिवाय ते हँडल किंचित मागे जोडलं गेलं असेल तर मुळाशी रिसीव्हरच्या उतारावर टेकतच नाही, पुंगळी सैल करायचं काम होत नाही आणि सगळा झटका तुमच्या हाताला. बोल्ट पूर्ण वर नेऊन बघा, हँडलच्या मुळात आणि रिसीव्हरमध्ये मोठी फट दिसते का. दिसली तर चांगल्या गनस्मिथकडे, तिकडे ते काम नेहमी करतात.

बोल्टला लाथा मारायचा प्रयोग पूर्वी झालाय म्हणा. १९१५ ला, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत कॅनडाच्या शिपायांकडे रॉस रायफल होती, सरळ ओढायच्या बोल्टची, टार्गेटवर एकदम अचूक, पण चिखल आणि ब्रिटिश काडतुसं मिळाली की बोल्ट अडकायचा आणि पोरं बुटाने लाथा घालून उघडायची. मेलेल्या इंग्रज शिपायांच्या ली-एनफिल्ड उचलून वापरत होते ते. पुढच्या वर्षी रॉस मागे घेतली.

प्रश्न: काका, मी इंजिनिअरिंगला आहे, कोल्हापूरला रेंजवर जातो. ६० अंशाच्या बोल्टवाल्या रायफलीची सगळे स्तुती करतात, मला हातात घेतल्यावर ती ९० अंशावालीपेक्षा जड वाटली. आणि स्प्रिंगची दोन वेटोळी कापली तर लिफ्ट (उचलायचा जोर) किती कमी होईल, फॉर्म्युला आहे का? (विद्यार्थी)

उत्तर: फॉर्म्युला आहे आणि तोच तुला सांगेल की कापू नकोस.

समजा मोठ्या रायफलची स्प्रिंग, सरासरी जोर १० किलो, पिन ६ मिमी मागे जाते. काम झालं १० गुणिले ६, म्हणजे ६०. हँडल ६५ मिमी लांब, आणि ९० अंशातले ६० अंश कॅम स्प्रिंग दाबतोय असं धर, तर गोळा सुमारे ६८ मिमी फिरतो. ६० भागिले ६८, म्हणजे ९०० ग्रॅमच्या आत. आता ताणकाट्यावर दोन किलो दिसत असतील तर स्प्रिंगचे ९०० ग्रॅम, आणि उरलेले अकराशे? ते घर्षण. म्हणजे अर्ध्याहून जास्त वजन तू साफसफाईने आणि वंगणाने उतरवू शकतोस आणि तू मात्र त्या बिचाऱ्या स्प्रिंगच्या मागे लागलायस.

आता ६० अंशाचा बोल्ट घे, कॅमला त्याच हिशेबाने ४० अंश मिळतात, गोळा ४५ मिमी फिरतो, काम तेवढंच, म्हणजे १ किलो ३०० च्या वर गेलं, घर्षण धरायच्या आधीच. उतार उभा झाला. घाटात रस्ता लांब वळणाचा असला की गाडी दुसऱ्या गिअरमध्येही चढते आणि शॉर्टकटला पहिला टाकावा लागतो, तसं. म्हणून वेदरबी मार्क फाइव्ह, नऊ लग आणि ५४ अंशाची लिफ्ट, हाताला कडक लागते. सीझेडच्या .२२ मध्ये ४५५ मॉडेलची लिफ्ट ९० अंश होती, ४५७ ला ६० केली, तिथे स्प्रिंग मुळातच हलकी असल्यामुळे फारसं जाणवत नाही आणि स्कोपच्या खाली बोट अडकत नाही हा फायदा मोठा. तुझ्या हाताने बरोबर ओळखलं होतं.

हँडल लांब केलं किंवा गोळा मोठा लावला तर? हँडल लांब केलं तर सरळ भागाकार, ६५ चे ८० केलेस की जोर साधारण पाचवा हिस्सा कमी. मोठा गोळा नुसता बोटांना बरा लागतो, पण तेही काही कमी नाही. आपल्याकडे लायसन्सच्या हत्यारात असा बदल आणि दुरुस्ती परवानाधारक माणसाकडूनच करायची, १९५९ च्या शस्त्र कायद्यात तसं आहे, हॉस्टेलच्या खोलीत ग्राइंडर लावून नाही.

स्प्रिंग कापलीस तर पिन प्रायमरवर हलकी आपटते, दहातली एखादी गोळी उडणारच नाही आणि ज्या उडतील त्याही सारख्या पेटणार नाहीत, वर-खाली विखुरतील, आणि तू महिनाभर श्वास आणि ट्रिगर तपासत बसशील. हे मी वाचून सांगत नाहीये. मी चोवीस वर्षांचा असताना मला फार अक्कल होती, एका रायफलीचा कॅम पॉलिश पेपरने आरशासारखा केला आणि हौस म्हणून दीड वेटोळं कापलं, बोल्ट इतका हलका झाला की मी सगळ्यांना बोलावून दाखवला. पुढच्या आठवड्यात मॅचला तीन गोळ्या उडाल्या नाहीत, ज्याची रायफल होती तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत पुंगळ्या टेबलावर एका ओळीत उभ्या केल्या त्याने, प्रत्येक प्रायमरवर पिनची खूण मुंगी चावल्यासारखी. आणि कॅमचं काय झालं, वरची टणक कातडी मी घासून काढली होती, आत मऊ लोखंड, वर्षभरात तिथे चर पडली आणि बोल्ट आधीपेक्षा जड झाला.

घासायचंच असेल तर स्प्रिंगच्या टोकाला बघ. टोकाच्या वेटोळ्याला कधी कधी धारदार कुसळ असतं, किंवा स्प्रिंग दाबताना मध्ये वाकून बोल्टच्या आतल्या भिंतीला घासते. पिन काढून बघ, स्प्रिंगच्या बाजूला एका रेषेत चकचकीत पट्टा दिसला तर घासते आहे, स्प्रिंग बदल, त्याच ताकदीची. आणि माउझर किंवा रेमिंग्टनसारख्या बोल्टमध्ये मागचा श्राउड, म्हणजे बोल्टचं शेपटाकडचं टोपण, आट्यांवर बसतो, स्प्रिंगचा सगळा जोर अंगावर घेऊन बोल्ट त्या आट्यांवर फिरत असतो, तिथे ग्रीसचं बोट लावायला नव्वद टक्के लोक विसरतात.

प्रश्न: मेलबर्नहून. सॅवेज ११० आहे. बोल्टमध्ये बॉल बेअरिंग बसवायचं किट मिळतं, त्याने लिफ्ट खरंच उतरते की नुसतं मार्केटिंग? (एक वाचक)

उत्तर: खरंच उतरते, पण सॅवेजमध्येच. ही १९५८ पासूनची रचना, स्वस्तात भक्कम, आणि तिच्या बोल्टच्या मागे जो मोठा स्क्रू असतो त्याच्या आणि कॉकिंग स्लीव्हच्या मध्ये सपाट तोंडं स्प्रिंगच्या जोराखाली एकमेकांवर घासत फिरतात. मध्ये स्टीलची गोळी आली की चकतीवर घासण्याऐवजी एका ठिपक्यावर फिरतं, एवढंच शास्त्र आहे.

आधी मोजा, मग किट घाला, मग मोजा. बसवल्यावर रिकाम्या चेंबरवर दहा-बारा वेळा बोल्ट जरा जोरात बंद करून बघा, कॉकिंग पीस ट्रिगरवर नीट अडकतोय ना, एकदा जरी आपोआप सुटला तर किट काढा. आणि माझं ऐकाल तर त्याच्या आधी बोल्ट खोलून धुवा, बऱ्याच नव्या रायफलींत कारखान्याचं गंज न लागायचं जाड वंगण तसंच असतं, लोक वरवर पुसतात आणि आत बघतच नाहीत. धुतल्यावर काट्यावर काय आलं आणि किट टाकून काय आलं, दोन्ही आकडे कळवा, पुढच्या अंकात छापतो.